पाचवं शील संपेपर्यंत

एखादी गाडी जागेवर उभी राहून नुसती गुरगुरायला लागली, की अब्दुल रहीम मिस्त्रीला घाम फुटायचा. चालत्या गाडीचं काही नाही, बंद गाडीचंही काही नाही. पण इंजिन सुरू आणि चाकं थांबलेली, असं दिसलं की त्याच्या कानात देवरावचा आवाज सुरू व्हायचा. हळू, एकसुरी, शब्दाला शब्द जोडून. पालीतले ते शब्द रहीमला कळत नव्हते, पण चौदा महिन्यांत पाठ मात्र झाले होते. एकदा वजू करताना त्याचे ओठ हलताना पाहून त्याची बायको नसीमबानो म्हणाली, "ये क्या पढ रहे हो जी?" रहीमनं तोंडावर पाणी मारलं आणि काही नाही म्हणून सांगितलं. पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला बौद्धांचं त्रिशरण-पंचशील का पाठ झालं, हे तो कोणत्या तोंडानं सांगणार होता?

खाई त्याला खवखवे म्हणतात. रहीमनं काय खाल्लं होतं, ते सांगायचं तर आधी इंपालाचं सांगावं लागेल.

भातकुलीला वामनरावांचं कापसाचं जिन होतं. त्यांच्या वडिलांनी चांगल्या दिवसांत मुंबईच्या कुठल्याशा लिलावातून एक अमेरिकन गाडी उचलून आणली होती. साठ सालची इंपाला. बोटीएवढी लांब, डाव्या हाताच्या स्टेअरिंगची, आणि सगळ्यात मोठी नवलाई म्हणजे तिला क्लच नव्हता. स्टेअरिंगपाशी एक दांडी होती. ती ओढली की गाडी आपली आपण निघायची आणि गिअरही आपला आपणच बदलायची. गावातली माणसं तिला 'आपोआपवाली' म्हणायची. वामनरावांच्या हातात ती आली तेव्हा जिनातली अर्धी यंत्रं बंद पडली होती. कापसाला भाव नव्हता, पण गाडीचा तोरा होता. नाकापेक्षा मोती जड, पण मोती काढून ठेवायला वामनराव तयार नव्हते.

दोन हजार चार साली त्या आपोआपवालीनं अंग टाकलं. दांडी ओढली की इंजिन बोंबलायचं आणि गाडी तिथंच. मुंबई-नागपूरच्या मिस्त्र्यांनी हात वर केले. अमरावतीत वलगाव रोडवर रहीमचं वर्कशॉप होतं. ट्रकचे गिअरबॉक्स त्यानं डोळे मिटून बांधले असते, पण ऑटोमॅटिक त्यानं उभ्या जन्मात उघडला नव्हता. तरी वामनरावांनी विचारलं आणि हा गडी हो म्हणून बसला. कारागिराला दारू-तंबाखूचं व्यसन नसलं तरी हे एक असतं. जे कुणाला जमलं नाही ते म्हणे मी करतो.

एकेक भाग काढत, सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर त्याचं चित्र काढत, रहीमनं तो डबा समजून घेतला. तसं कठीण काही नव्हतं. आतलं लाल तेल एका पिस्टनला दाबतं, पिस्टन प्लेटांना दाबतो, प्लेटा एकमेकींना धरतात आणि गाडी हलते. ते तेल बाजूनं निसटू नये म्हणून पिस्टनला एक रबराचं कडं असतं. ते चाळीस वर्षांत कुजून त्याचा चुरा झाला होता. तसं कडं हिंदुस्थानात मिळत नव्हतं. रहीमनं ट्रकचं रबर लावून पाहिलं, ते दोन दिवसांत फुगलं.

मग त्याला अकोल्याची आठवण झाली. तिथं एक जुनं जिन मोडीत निघालं होतं. सरकीवरून कापूस ओढणारे रोलर असतात, त्यांच्यावर जाड चामडं असतं. वर्षानुवर्षं घासून, सरकीचं तेल पिऊन ते इतकं घट्ट आणि गुळगुळीत होतं, की त्याच्यापुढं रबर काय चीज आहे! रहीम मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जाऊन त्या चामड्याचे दोन तुकडे घेऊन आला. आठ दिवस एरंडेलात भिजवले आणि चामडं कापायच्या रापीनं दोन कडी कापली. एक पिस्टनला बसवलं. दुसरं, अडीअडचणीला असावं म्हणून, पत्र्याच्या डबीत ठेवलं.

गाडी चालली. अशी चालली की वामनरावांनी जिनात पेढे वाटले. रहीमनं बॉनेटवर थाप मारून म्हटलं, "मालक, मी मरीन, पन हा डबा मरनार नाई!"

तोंडानं असं म्हटलं, पण मनातून त्याला भरवसा नव्हता. चामडं ते चामडं. गाडी उभी राहिली, तेल खाली उतरलं आणि ते आत सुकून आखडलं तर? सुरू केल्याबरोबर दांडी ओढली, तेल निसटलं, प्लेटा जळाल्या, तर पेढे खाल्लेलीच माणसं तोंडात शेण घालतील. म्हणून त्यानं ड्रायव्हरला एक नियम घालून दिला. तो ड्रायव्हर म्हणजे देवराव.

देवराव जिनाच्याच आवारात, मागच्या दोन खोल्यांत, बायको इंदूबाई आणि मुलगा अनुप यांच्यासोबत राहायचा. सरळ माणूस. इतका सरळ की सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा. रहीम त्याला म्हणाला, "देवराव, गाडी सुरू केली की दोन मिन्टं थांबाचं. तेल वर चढू द्याचं. मंगच दांडी ओढाची. नाई तं डबा जळून जाईन."

"माह्यापाशी घड्याळ नाई, रहीमभाई."

"मंग मोज काहीतरी."

देवरावनं जरा विचार केला. "त्रिशरण-पंचशील म्हनलं तं दोन मिन्टं होते. पाचवं शील संपलं का दांडी ओढतो. चालन का?"

रहीम हसून म्हणाला, "पळन! तुह्यं पुन्य अन् माहा डबा, दोन्ही वाढन."

तेव्हापासून तेरा वर्षं देवरावनं कधी चूक केली नाही. लग्नाला जायचं असो, अमरावतीला मालकांना कोर्टात पोचवायचं असो, किल्ली फिरवली की तो हात जोडायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायला लागायचा. पाचवं शील संपलं की दांडी. जिनातले हमाल थट्टा करायचे, "काय देवराव, झाली का इंपालाची वंदना?" तोही हसायचा. रहीम वर्षातून एकदा तेल बदलायला जायचा तेव्हा शेजारी बसून ऐकायचा आणि मनातल्या मनात खूश व्हायचा. आपला एक शब्द कुणी इतका पाळावा, याचं कुणाला सुख होत नाही?

मग तो सप्टेंबर आला.

त्या साली कपाशी डोक्याइतकी वाढली होती आणि फवारणारी माणसं झाडांपेक्षा बुटकी. औषध वर मारायचं आणि खाली आपल्याच अंगावर घ्यायचं. अनुप सव्वीस वर्षांचा होता. बी.ए. होऊन घरी बसला होता, म्हणून रोजानं दुसऱ्यांच्या शेतात फवारायला जायचा. त्या दिवशी दुपारी दोन गडी त्याला खांद्यावर घालून जिनाच्या आवारात घेऊन आले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्याची गाडी दुसऱ्या कुणाला घेऊन आधीच अमरावतीला गेली होती. आवारात एकच गाडी उभी होती, आणि तिच्या मागच्या सीटवर माणूस पुरता आडवा झोपू शकत होता.

देवरावनं पोराला इंपालात घातलं आणि अमरावतीला नेलं. सतरा-अठरा किलोमीटर. तिथं डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं." डॉक्टर हे वाक्य दिवसातून दहा जणांना म्हणत असतील. ज्याला म्हणतात तो मात्र ते जन्मभर घेऊन फिरतो.

रहीम तिसऱ्या दिवशी भेटायला गेला. देवराव खोलीत भिंतीला टेकून बसला होता, कुणाशी बोलत नव्हता. बाहेर जिनाचा चौकीदार डोमाजी माणसांना सांगत होता, "काय धीराचा बाप म्हनावं! पोट्टा मांगं कन्हून राहिला होता, अन् ह्या मानसाचे ओठ हालत होते. मी काचातून पाह्यलं न. वंदना म्हनून राहिला होता! आधी देवाचं नाव अन् मंग गाडी."

ऐकणाऱ्यांनी हळहळून माना हलवल्या. रहीम दारातच थांबला. त्या आवारात एवढी माणसं होती, पण ती वंदना नव्हती हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. तो नियम होता. रहीमचा नियम. त्या माणसानं पोरगा मागं तडफडत असताना मिस्त्रीचा शब्द पाळला होता. पाचवं शील संपेपर्यंत थांबला होता.

दोन मिनिटं.

तो देवरावला न भेटताच परत आला, आणि त्यानंतर भातकुलीच्या वाटेला गेला नाही. रस्त्यावर, वर्कशॉपात, पेट्रोल पंपावर, जिथं कुठं गाडी उभी राहून गुरगुरेल तिथं त्याला ते ऐकू येई. हाताखालचे मिस्त्री आपल्या तोंडाकडे बघतात हे त्याला दिसायचं. ट्रकवाल्यांना तो खेकसायचा, "बंद कर पहले! उभी ठेवून कायले जाळतो डिझेल?" लोक म्हणायचे म्हातारा चिडचिडा झाला. म्हातारा चिडत नव्हता, भीत होता.

आणि एवढ्यावर ते संपतं, तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. चौदा महिन्यांनी वामनरावांचा फोन आला. पुण्याचा कुणी हौशी साहेब इंपाला घ्यायला तयार होता. अट एकच. ज्यानं गिअरबॉक्स बांधला त्यानंच तो उघडून दाखवावा आणि नवे सील, म्हणजे रबरी कडी, टाकून द्यावेत. सीलचा पुडा त्यानं अमेरिकेहून मागवून पाठवलाही होता. चौदा वर्षांपूर्वी जे जगात कुठं मिळत नव्हतं, ते आता घरपोच आलं होतं.

"देवरावनं त्या दिवसापासून किल्लीले हात नाई लावला," वामनराव म्हणाले. "गाडी त्यानं परत आनून लावली, तशीच उभी हाय. तू ये, रहीम."

नाही म्हणावं असं शंभरदा मनात आलं. पण डबा उघडला तर कळेल, हेही मनात आलं. ते चामडं खरोखरच सुकून आखडलेलं निघालं, तर तो नियम खरा होता. न थांबता दांडी ओढली असती तर गाडी अर्ध्या रस्त्यात बसली असती, पोरगा तसाही पोचला नसता. मग ती दोन मिनिटं वाया गेली नाहीत असं अल्लासमोर तरी म्हणता येईल. रहीमला आपलं काम वाईट निघायला हवं होतं. मिस्त्रीच्या जातीत जन्मून अशी दुवा मागणारा तो पहिलाच असावा.

त्यानं पत्र्याची डबी उघडून ते दुसरं कडं पाहिलं. चौदा वर्षं कोरडं पडून ते लाकडासारखं कडक झालं होतं, एका जागी चिरलंही होतं. त्याला जरा धीर आला. त्यानं ते खिशात टाकलं आणि भातकुलीला गेला.

डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. डोमाजी आणि दोन हमालांनी गाडी आवारातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर ढकलली. चेन-कप्पीनं गिअरबॉक्स उतरवून ओट्यावर ठेवला. देवराव कुठं दिसत नव्हता. रहीमनं बोल्ट काढले, झाकण काढलं, पिस्टन बाहेर ओढला.

कडं जसंच्या तसं होतं.

नुसतं जसंच्या तसं नाही, बसवलं त्या दिवसापेक्षा चांगलं होतं. तेल पिऊन खजुरासारखं काळंभोर आणि मऊ. बोटानं दाबलं की दबायचं, सोडलं की परत आपल्या आकारावर यायचं. चौदा महिने गाडी हललेली नव्हती, तरी ते सुकलं नव्हतं. प्लेटांवर जळाल्याचा ठिपका नाही. इतकं चांगलं काम रहीमच्या हातून आयुष्यात दुसरं झालं नव्हतं.

म्हणजे त्या नियमाची कधीच गरज नव्हती. एक दिवससुद्धा नाही. चामड्यासाठी थांबायचं कारणच नव्हतं. थांबायचं होतं ते रहीमच्या भीतीसाठी. आपलं नाव जाऊ नये म्हणून त्यानं एका सरळ माणसाच्या गळ्यात ती दोन मिनिटं बांधली होती. तो ओट्याच्या कडेवर खाली बसला. त्याच्या हातातून लाल तेल ठिबकत राहिलं.

मागून पावलं वाजली. देवराव आला होता. वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारा झालेला, दाढी पांढरी. हातात चहाचा पेला.

"जय भीम, रहीमभाई. इंदूनं चहा देल्ला तुमच्यासाठी. कोराच हाय."

"सलाम, देवराव." रहीमनं मऊ कडं चिंध्यांखाली सरकवलं.

देवरावनं पेला ओट्यावर ठेवला. उघड्या डब्यात वाकून पाहिलं. मग म्हणाला, "एक इचारू का? खरं सांगाल?"

"इचार."

"थे दोन मिन्टं लागतच होते का?"

रहीमला वाटलं, चौदा महिने ज्या प्रश्नापासून तो पळत होता तो आपल्या पायांनी समोर येऊन उभा राहिला. खरं सांगितलं तर हा माणूस इथंच कोसळेल. आपलं जे व्हायचं ते होवो, याला का मारायचं? त्यानं खिशात हात घातला, ते सुकलेलं, चिरलेलं कडं काढलं आणि देवरावच्या हातावर ठेवलं.

"हे पाह्य. हे निंगालं आतून. लागतच होते, देवराव. न थांबता दांडी ओढली असती तं तेल निसटलं असतं. गाडीनं जोरच धरला नसता."

देवराव त्या कड्याकडे पाहत राहिला. त्यानं चिरेवरून अंगठा फिरवला.

"मंग मीच मारलं त्याले," तो म्हणाला.

"काय म्हनतो?"

"मी थांबलो नाई, रहीमभाई."

रहीमचा हात लागून ओट्यावरचा पेला कलंडला.

"तेरा वर्सं थांबलो. त्या दिवशी नाई थांबलो. किल्ली फिरवली अन् तशीच दांडी ओढली. तोंडानं म्हनत होतो, पन थे सवयीनं. किल्ली फिरली का तोंड आपोआप म्हनते. मानसाईले वाटलं वंदना करते. कसची वंदना! गाडी तं चालू झाली होती. अन् इंजिन बोंबलून राहिलं होतं, गाडी सरकतच नोयती. सरकली तेबी धक्के देत देत. तवाच मले समजलं, मिस्त्रीनं सांगतलं ते नाई पाळलं, डबा जळाला. दोन मिन्टं वाचवाले गेलो अन् सारंच गमावलं. डॉक्टर म्हनला थोडं आधी आनाचं होतं. चौदा महिने मी कोनाशी बोललो नाई. वाटे, तुमी याल, डबा उघडान, अन् म्हनान नाई देवराव, तसं नाई झालं."

त्यानं कडं ओट्यावर ठेवलं. अगदी हळू ठेवलं, फुटेल म्हणून जपावं तसं.

देवा रे, माणूस दयेपोटी खोटं बोलतो आणि ते बरोबर जखमेतच जाऊन बसतं! रहीमला रडू आलं. त्यानं चिंध्या बाजूला फेकल्या, ते मऊ कडं उचललं आणि देवरावच्या तळहातावर दाबलं.

"हे खरं हाय. हे निंगालं आतून. थे दुसरं माह्या डबीतलं, कधी बसवलंच नाई. मी खोटं बोललो. मले वाटलं तू थांबला होता. मले वाटलं माह्या नेमानं पोट्टा गेला तुहा. दोन मिन्टं कधीच लागत नोयते, देवराव. मी भेलो होतो म्हनून लावून देल्ले. हे पाह्य, दाबून पाह्य. याले काय धाड झाली?"

देवरावनं दाबून पाहिलं. एका हातात मऊ कडं, समोर कडक कडं. त्यानं दोन्हींकडे पाहिलं आणि मग रहीमकडे. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"आता याच्यातलं कोनतं खरं मानू मी?" तो म्हणाला. "मघा बी तुमीच सांगतलं."

 तेरा वर्षं ज्यानं त्याचा शब्द पाळला, त्याच्याजवळ रहीमचा शब्द आता कवडीमोल झाला होता.

"मानू नको," तो शेवटी म्हणाला. "पाहून घे."

पुण्याच्या साहेबाचा पुडा त्यानं फोडलाच नाही. तेच चामड्याचं कडं, देवरावच्या डोळ्यांसमोर, पुन्हा पिस्टनला चढवलं. डोमाजीला साक्षीला उभं केलं. गिअरबॉक्स वर चढवला, तेल भरलं, एकदा फिरवून पाहिला आणि मग गाडी बंद करून किल्ली देवरावच्या हातात दिली. "चार दिवस कोनी हात लावाचा नाई. तेल पुरं खाली उतरू दे. मंग मी येतो. तू चालव."

चार दिवसांनी सकाळी नऊला तो आला. देवराव गाडीपाशी उभा होता, धुतलेला सदरा घालून. इंदूबाई खोलीच्या दारात उभी राहिली, पुढं आली नाही. दोघं आत बसले. देवरावनं किल्ली फिरवली. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं आणि गाडी उभ्या जागी गुरगुरायला लागली.

रहीमच्या कपाळावर घाम आला. शेजारी देवरावचे ओठ हलायला लागले होते.

"ओढ," रहीम म्हणाला.

देवरावनं दांडी ओढली. एक बारीकसा धक्का बसला आणि गाडीनं जमीन धरली. इंजिन बोंबललं नाही, काही निसटलं नाही. इंपाला आवाराच्या दारातून बाहेर पडली आणि डांबरी रस्त्याला लागली.

"त्या दिवशी आवारात चिखल होता का?" रहीमनं विचारलं.

देवराव समोर पाहत राहिला. "होता. रातभर पानी आलं होतं."

"मंग चाक फिरत होतं जागेवर. काया मातीत. इंजिन बोंबलंनच. डब्याले काही झालं नोयतं."

देवरावनं गाडीला अजून जोर दिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीची काडं उभी होती. गाडी पळत होती. पायाखाली दाबलं की पुढं जात होती, वेळेवर गिअर बदलत होती, साठ वर्षांच्या बाईनं नऊवारी सावरून झपझप चालावं तशी. आवारापासून अर्ध्या किलोमीटरवर एक मोरी आहे. तिच्यावर देवरावनं गाडी कडेला घेतली. दांडी मधे आणली. इंजिन बंद केलं नाही.

"इथं," तो म्हणाला.

"इथं काय?"

"तिसऱ्या शीलावर आलो होतो. इथं मांगून कन्हनं बंद झालं. मले वाटलं, झोपला. मंग पुढचं म्हनताच नाई आलं." तो थांबला. "गाडी तं अशीच पळाली होती, रहीमभाई. आता आठवते. अशीच पळाली होती."

"हाव."

"म्हनजे तुमचं बी काही चुकलं नाई. माह्यं बी नाई."

रहीमला वाटलं आता याचं ओझं उतरलं. पण देवरावनं त्याच्याकडे वळून पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही नव्हतं.

"चौदा महिने मी सोताले धरून बसलो होतो," देवराव म्हणाला. "मीच मारलं म्हनो, तं निदान काही तं होतं हातात. आता काय धरू? आता तं पोट्टा नुस्ताच गेला."

मग तो रडला. वर्षभर न रडलेला माणूस रडतो तसा, आवाज न आवरता, स्टेअरिंगवर डोकं ठेवून. समोरून आलेल्या बैलगाडीवाल्यानं बैल थांबवले, पाहिलं आणि पुन्हा हाकले. रहीमनं त्याला अडवलं नाही, समजूत घातली नाही. समजूत घालणाऱ्या शब्दांची त्याला आता धास्तीच बसली होती.

बऱ्याच वेळानं देवराव सरळ बसला. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. हात जोडले, डोळे मिटले आणि पहिल्यापासून म्हणायला लागला. गाडीसाठी तो हे तेरा वर्षं म्हणत आला होता. अनुपसाठी त्याचं अजून एकदाही पूर्ण म्हणून झालं नव्हतं. शब्दाला शब्द लागत गेला. तिसऱ्या शीलाशी आवाज फुटला, पण तो थांबला नाही. रहीमला सगळं पाठ होतं. त्यानं या वेळी वेळ मोजली नाही, नुसता मान खाली घालून बसला.

पाचवं शील संपलं. देवरावचा हात सवयीनं दांडीवर गेला आणि तिथंच राहिला. रहीमनं त्या हातावर आपला हात ठेवला. दोघांच्या खाली गाडी जागेवर उभी राहून गुरगुरत होती. रहीमनं तिला गुरगुरू दिलं.